जळिताची वही

इतिहासाची साधने म्हटली की सनदा, बखरी, ताम्रपट, महजर आणि सरकारी दफ्तरे यांची नावे घेतली जातात. ज्यांच्या पदरी लिहिणारी माणसे होती, त्यांची ही साधने. गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव या कागदांत आलेच, तर ते वेठीच्या यादीत, गुन्ह्याच्या नोंदीत किंवा बलुत्याच्या तंट्यात येते. त्याचे घर किती खणांचे होते, घरात काय होते आणि ते जळाले तेव्हा त्याच्या ओंजळीत पसाभर ज्वारी कोणी घातली, हे लिहून ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नाही. म्हणून या लेखात मी एका वेगळ्याच साधनाचा आधार घेणार आहे. ते साधन म्हणजे माझ्या वडिलांची आहेराची वही.

तांबड्या कापडी पुठ्ठ्याची, वाण्याच्या दुकानात असते तशी ती लांबट वही आहे. दादा चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर मोठे, ओळी तिरप्या. लग्नकार्यात कोणी काय आहेर केला ते लिहून ठेवायचे आणि त्याच्या घरी कार्य निघाले की तेवढा, जमल्यास थोडा अधिक आहेर परत करायचा, ही रीत आपल्या सगळ्यांच्याच घरांत आहे. डाव्या पानावर 'आले' आणि उजव्या पानावर 'गेले' असा दादांचा हिशेब असे. लग्ने, बारशी, धर्मांतरानंतरचे नामकरणाचे विधी, अशा नोंदींच्या मध्ये तीन ठिकाणी 'जळीत' असा मथळा आहे. एक १९६८ सालचा, दुसरा १९७८चा आणि तिसरा १९८७चा. दादा गेल्यानंतर ही वही माझ्याकडे आली. तेव्हापासून मी ती अनेकदा वाचली. शेजार म्हणजे काय, या प्रश्नाचे आमच्या गावापुरते उत्तर तिच्यात आहे असे मला वाटते. त्या उत्तरातला काही भाग आम्हाला भूषणावह नाही. तोही मी सांगणार आहे.

१

आमचे गाव मराठवाड्यातले. महारवाडा गावाच्या पूर्वेला, उताराला. घरे कुडाची. तुराट्या आणि पऱ्हाट्या विणून उभ्या करायच्या, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपायच्या, बाभळीच्या मेढी रोवायच्या आणि वर आढ्याला टेकवलेल्या वाशांवर सरमाड, पाचट, गवत जे मिळेल ते अंथरायचे. दोन घरांत एक माणूस आडवा चालेल एवढेच अंतर, कारण गावाने दिलेली जागा तेवढीच. माणसे वाढली, जागा वाढली नाही. अशा वस्तीत आग लागली की ती एका घराची राहत नाही. गावातल्या माळवदाच्या घराला मातीचे छत असते, त्याच्या शेजारी भिंत असते. आमच्या घराच्या शेजारी आमच्यासारखेच गवत असते. आग कशी पसरते हे निसर्ग ठरवतो असे आपण म्हणतो; पण कोणाचे घर गवताचे असावे आणि किती दाटीने असावे, हे गावगाड्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

१९६८च्या चैत्रात भर दुपारी एका घराच्या चुलीतला निखारा वाऱ्याने उडाला. बाप्ये रानात होते. मी चार वर्षांचा होतो. मला फक्त धूर आणि आईच्या कमरेची घट्ट पकड आठवते. बाकीचे दादांच्या आणि आजीच्या तोंडून ऐकलेले. सात घरे गेली, आठवे वाचले. ते कसे वाचले ते वहीतल्या पहिल्याच नोंदीत आहे. नोंद अशी: 'थोरला चुलता, छप्पर पाडले.'

गवताच्या वस्तीत आग विझवायचा एकच खरा उपाय असतो. जळत्या घराच्या पुढचे न पेटलेले घर दोर लावून ओढून पाडायचे, म्हणजे आगीची वाट तुटते. पाणी उपयोगी पडते ते नंतर, धुमसणारे विझवायला. चुलते धावत आले, त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली आणि स्वतःच्या छपराकडे बोट करून म्हणाले, "पाडा माझं. बघता काय?" त्यांचे घर जळाले नव्हते, कदाचित जळालेही नसते. त्यांनी ते दिले म्हणून पुढची अकरा घरे उभी राहिली. दादांनी जळिताच्या यादीत देणगी म्हणून पहिली नोंद केली ती या पाडलेल्या छपराची. पंचनाम्यात या गोष्टीला रकाना नसतो.

पाण्याची गोष्ट निराळी. आमच्या आडाला चैत्रात चिखल उरत असे. गावच्या विहिरीला पाणी होते आणि ती दोनशे पावलांवर होती. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला, त्याला तेव्हा तेरा वर्षे झाली होती. त्या दुपारी गावातली काही तरुण पोरे विहिरीवर धावली हे खरे. त्यांनी पोहरे ओढले हेही खरे. पण ते पाणी त्यांनी आमच्या बायकांच्या घागरींत वरून, हात लांब ठेवून ओतले. आजी सांगायची, "घाईत बी त्यास्नी इसर पडला न्हाई." त्या पोरांची मने वाईट नव्हती. विटाळ त्यांच्या हातात मुरलेला होता आणि धावतानाही तो त्यांच्याबरोबर धावत होता.

आता वहीतल्या पुढच्या नोंदी पाहा. मामा: ज्वारी एक मण, लुगडे एक. आत्या: पातेले एक, तवा एक. आजोळची वस्ती: पाच घरांनी मिळून वासे आठ. 'वस्तीतून: घरटी एक भाकर, पंधरा दिवस.' शेवटच्या या नोंदीचा अर्थ असा की जी अकरा घरे वाचली त्यांनी सात जळीत घरांना पंधरा दिवस खाऊ घातले. ती घरे रोजगारावर जगणारी होती. घरटी एक भाकर म्हणजे त्या घरातल्या कोणाची तरी अर्धी भूक.

त्यानंतर गावाची नोंद येते. 'पाटील: कडबा पेंढ्या ५०, बाभळीचे खांड ४.' आणि समोरच्या 'गेले'च्या पानावर लिहिले आहे: 'पाटलाकडे धसकटे वेचणे, मी ९ दिवस, घरची ९ दिवस.' वहीत अशा चार नोंदी आहेत. गावातून आलेली प्रत्येक वस्तू समोरच्या पानावर राबण्याच्या दिवसांत उतरलेली आहे. सोयऱ्यांनी दिले ते सोयऱ्यांच्या अडचणीत परत गेले, कधी सहा महिन्यांनी, कधी दहा वर्षांनी. गावाने दिले ते त्याच उन्हाळ्यात अंगमेहनतीने फेडून घेतले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाटील दुष्ट होता असे मला म्हणायचे नाही. त्याला कडबा देताना दयाही आली असेल. परंतु गावगाड्यात महार आणि गाव यांच्यात शेजार हे नातेच नव्हते. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात बलुतेदारांची कामे आणि त्यांचे हक्क यांचा मोठा तपशील आहे. माझ्या आज्याला महाराचे बावन्न हक्क सांगता येत असत: मेल्या ढोराचे कातडे, मढ्यावरचे कापड, खळ्यावरचे धान्य. येस्कराने वेस राखायची, सांगावा पोचवायचा, सरकारी माणसाचे ओझे वाहायचे, आणि त्याच्या बदल्यात हे घ्यायचे. या सगळ्या व्यवहारात सेवा आहे आणि सेवेचा मोबदला आहे. 'तुझे जळाले म्हणजे माझे जळाले' असे म्हणायला त्यात कोठे जागा आहे? ज्याच्या सावलीचा विटाळ होतो, त्याच्या राखेजवळ बसायचे कसे? म्हणून चांगल्या मनाचा माणूससुद्धा आम्हाला भीक घालू शकत होता, उचल देऊ शकत होता, पण शेजारी होऊ शकत नव्हता.

२

दहा वर्षांत बरेच बदलले. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिल्यानंतर आमच्या वस्तीनेही ढोरे ओढणे सोडले, येस्करी सोडली. हे एका दिवसात झाले नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांच्या हातात रोख मजुरी पडली, तेव्हा गावाच्या तुकड्यावाचूनही जगता येते ही खात्री पटली. गायरानाच्या पडीक जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाले होते. १९६४च्या डिसेंबरात सुरू झालेल्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या वाऱ्याने आमच्याही तीन-चार घरांनी गायरान वहितीला आणले. वस्तीतली दोन पोरे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकत होती. दोन घरांवर पत्रे आले. एका घरात रेडिओ आला. गावाच्या डोळ्यांत हे सगळे साठत होते.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. शहरांत बंद, मोर्चे, जाळपोळ झाली. खेड्यांत विद्यापीठाचे नाव हे निमित्त होते. ज्याने मजुरीवरून तोंड उघडले होते, ज्याने गायरान कसले होते, ज्याने गावकी नाकारली होती, ज्याचा मुलगा शिकत होता, त्याचे घर खेड्यात हेरले गेले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची याच दिवसांत हत्या झाली. शेकडो गावांतली बौद्ध माणसे राने तुडवीत तालुक्याच्या गावी पळाली.

आमच्या गावात ती रात्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली. आषाढ सरत होता. पावसाळ्यात गवताचे घर पेटत नाही असे कोणाला वाटत असेल, तर त्याने गवताचे घर पाहिलेले नाही. छप्पर वरून भिजलेले असते. आतून चुलीच्या धुराने ते वर्षानुवर्षे वाळलेले असते. रॉकेलचा बोळा आतून लावला की झाले.

आम्ही वाचलो ते एका बाईमुळे. ती मांगवाड्यातली. तिला आम्ही मावशी म्हणत असू. ती केरसुण्या बांधायची आणि तिचा नवरा दोर, कासरे, दावी वळायचा. माल घेऊन दारोदार फिरावे लागे, त्यामुळे वाड्यांच्या ओट्यांवरचे बोलणे तिच्या कानावर पडे. कडूसे पडायच्या वेळेला ती आमच्या दाराशी आली आणि आईला म्हणाली, "पोरी, आज रातीला लेकरं घिऊन हितं निजू नगंस." एवढेच बोलली आणि पुढच्या दाराकडे गेली. एकोणीस दारे ती अशी फिरली. कोणी पाहिले असते तर तिचे काय झाले असते, याचा विचार मी आता करतो; त्या वेळी सुचला नाही.

आम्ही हायब्रीडच्या उभ्या ज्वारीत बसून आमची घरे जळताना पाहिली. आधी पत्र्याची घरे लुटली गेली, मग सगळीच पेटवली. रेडिओ नेला, धान्य ओतून मातीत मिसळले, मिलिंदमध्ये शिकणाऱ्या मुलाची पुस्तके बाहेर आणून वेगळी जाळली. या वेळी पाडायला पुढचे छप्पर नव्हते आणि कोणी दोर घेऊन धावलेही नाही. गाव वेशीशी उभे होते. काही जण जाळणारे होते, बरेच पाहणारे होते.

मांगवाड्याला त्या रात्री कोणी हात लावला नाही. दंगलीचा रोख प्रामुख्याने बौद्धांवर होता. मावशीच्या एका खणाच्या छपरात आम्ही नऊ माणसे अकरा दिवस राहिलो. येथे मला आजीबद्दल लिहिले पाहिजे. आमच्या आजीने आयुष्यात कधी मांगाच्या घरचे पाणी घेतले नव्हते. दीक्षा घेतल्यानंतरही नाही. आम्ही वरचे आणि ते खालचे, ही उतरंड तिच्या अंगात भिनलेली होती, जशी त्या विहिरीवरच्या पोरांच्या अंगात होती. त्या पहाटे मावशीने गाडग्यातले पाणी पुढे केले आणि आजी ते प्यायली. कोणी काही बोलले नाही.

वहीतला दुसरा जळीत दादांनी महिन्याभराने, तालुक्याच्या शाळेत आश्रयाला असताना लिहिला. नोंदी पहिल्यापेक्षा लांब आहेत. मावशीची नोंद: 'वाकळ १, ज्वारी ३ पायली, आसरा ११ दिवस, माणसे ९.' गावातल्या पिंजाऱ्याची नोंद: 'रजई १, पैसे घेतले नाहीत.' तेव्हाच्या औरंगाबादेहून विद्यार्थी आले, घरोघर मागून आणलेली भांडी आणि कपडे घेऊन: 'विद्यार्थी, हंडा १, ताटे ४, मुलाला सदरा.' मुंबईच्या चाळीतल्या नातलगांनी वर्गणी काढली: 'मुंबईकर, रुपये ६०.' एक नोंद मात्र बिननावाची आहे: 'एक बाई, भाकरी, पाच वेळा.' ती गावातली मराठा विधवा होती. अंधार पडल्यावर मांगवाड्याच्या कुंपणाशी फडके ठेवून जायची. "माझं नाव कुठं घालू नका," असे तिने सांगितले होते. गावात राहून तिला जगायचे होते. दादांनी तिचे नाव लिहिले नाही आणि तिची भाकरीही गाळली नाही. तिची आठवण झाली की मला वाटते, गाव म्हणजे एक मन असे समजून लिहिणे चुकीचे आहे. पण चांगल्या माणसाला चांगुलपणा अंधारात करावा लागतो, ते गाव कसले, हेही मला वाटते.

सरकारी नोंदीही झाल्या. पंचनामा करायला माणूस आला. आई सांगत गेली: कणगी, उतरंड, जाते, दोन वाकळा, पोराचा दाखला, बाबासाहेबांची तसबीर. त्याने लिहिले: 'गवती झोपडी एक, संसारोपयोगी वस्तू किरकोळ.' आगीत जाते तडकले होते. जाते तडकले की दळण दुसऱ्याच्या दारात न्यावे लागते, आणि दार कोणाचे उघडे असेल हा त्या दिवसांत प्रश्न होता. माझा शाळेचा दाखला जळाला म्हणून माझे एक वर्ष गेले. हे सगळे 'किरकोळ' या एका शब्दात मावले. दादांनी वहीच्या शेवटच्या पानावर गेलेल्या वस्तूंची पूर्ण यादी लिहिली आहे. ती पावणेदोन पाने भरते. कोणाला दाखवायला ती लिहिलेली नाही.

घर जाळणे हा भारतीय दंडविधानाच्या ४३६व्या कलमाखाली १८६०पासून मोठा गुन्हा होता. जन्मठेपेपर्यंतची शिक्षा त्याला सांगितलेली होती. पण एखादे घर ते दलिताचे म्हणून जाळले जाते, ही ओळख त्या कायद्याला नव्हती. ती १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने आली. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचे राहते घर आगीने नष्ट करणाऱ्याला त्यात जन्मठेप सांगितली आहे. १९९५च्या नियमांनी जळालेले घर सरकारी खर्चाने विटा-दगडांत बांधून देण्याची तरतूद केली. या तरतुदी आकाशातून पडल्या नाहीत. तामिळनाडूत तंजावर जिल्ह्यातल्या किळवेणमणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीत वाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे, बहुतेक बाया आणि मुले, एका झोपडीत जाळून मारली गेली. त्या राखेपासून मराठवाड्याच्या राखेपर्यंतचा अनुभव या कायद्यामागे आहे. कायदा झाल्यावर आग थांबली असेही नाही. हरियाणात मिर्चपूरला २०१० साली दलितांची घरे जाळली गेली. एक वृद्ध बाप आणि त्याची अपंग मुलगी जळून मेली. तामिळनाडूत धर्मपुरी जिल्ह्यात ७ नोव्हेंबर २०१२ रोजी तीन दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. तेथली बरीच घरे पक्की होती; बाहेरगावी राबून आणलेल्या पैशांनी माणसांनी ती उभी केली होती आणि वस्तू घेतल्या होत्या. आमच्याकडे १९७८ साली रेडिओवर आणि पुस्तकांवर राग होता तसाच तेथे त्या वस्तूंवर. गवताच्या घरात राहिलास तर तू आपोआप जळशील, विटांचे बांधलेस तर तुला जाळू, असा हा न्याय आहे.

३

तिसऱ्या जळिताबद्दल लिहायला मी बरीच वर्षे टाळाटाळ केली.

नामांतराची लढाई सोळा वर्षे चालली. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या नावाचा विस्तार झाला आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्या सोळा वर्षांच्या मध्यावर, १९८७च्या वैशाखात, आमच्या गावचा मांगवाडा जळाला. तो कोणी जाळला नाही. घायपाताचा वाळलेला वाख घरोघरी रचलेला होता. एक ठिणगी पुरली. सहा घरे गेली, त्यात मावशीचेही गेले. तिचा नवरा आधीच वारला होता.

तोपर्यंत आमची वस्ती गायरानालगत नव्या जागेवर हलली होती. पत्र्याची, विटांची घरे होती, हापसा होता, आणि वर्गणीतून बांधलेले विहार होते. आग विझवायला आमची माणसे धावली. त्यात कसूर झाली नाही. प्रश्न उभा राहिला तो रात्री. सहा घरांची माणसे झोपणार कोठे? विहार रिकामे होते. बुद्धपौर्णिमा आठवड्यावर आली होती म्हणून त्याला नुकताच चुना दिलेला होता.

बैठक बसली. मी तेव्हा तालुक्याला कारकून होतो आणि पौर्णिमेसाठी रजा घेऊन आलो होतो. बैठकीत जे बोलले गेले ते मी जसेच्या तसे सांगतो. एक जण म्हणाला, "नामांतराच्या टायमाला ते कुठं होते?" दुसरा म्हणाला, "आज माणसं येतील, उद्या त्यांचा देव्हारा येईल." तिसरा म्हणाला, "गाव बघंल की त्यांचं. ते गावाचेच हाईत." चुना खराब होईल असेही एकाने म्हटले. हे म्हणणारे लोक वाईट नव्हते. त्यांच्यातल्या दोघांची घरे १९७८ साली माझ्या घराशेजारी जळाली होती. त्यांच्या दाराशीही ती बाई त्या संध्याकाळी गेली होती.

मी त्या बैठकीत होतो आणि मी बोललो नाही. वस्तीत शिकलेला म्हणून माझ्याकडे दोन-तीनदा लोकांनी पाहिले. फूट पडू नये, सणाच्या तोंडावर भांडण नको, असे काहीतरी मी मनाशी म्हटले. निर्णय झाला नाही, आणि निर्णय न होणे हाच निर्णय झाला. ती माणसे तीन रात्री लिंबाखाली झोपली.

चौथ्या दिवशी पुन्हा बैठक झाली तेव्हा दादा वही घेऊन आले. ते कधी सभेत बोलत नसत. त्यांनी उभे राहून फक्त १९७८चे पान वाचले. 'वाकळ १, ज्वारी ३ पायली, आसरा ११ दिवस, माणसे ९.' मग म्हणाले, "ज्येच्या ज्येच्या दारात ती गेली व्हती, त्येनं आपापलं बघावं." वही मिटून खाली बसले. थोड्या वेळाने एका म्हातारीने विहाराची किल्ली मागितली. विरोध करणाऱ्यांपैकी एक जण स्वतःच्या घरची सतरंजी घेऊन आला. चुना खराब झाला, तो पौर्णिमेच्या आदल्या दिवशी परत दिला.

पाच घरांची माणसे विहारात आली. मावशी आली नाही. तिसऱ्या रात्रीनंतर ती लेकीच्या गावी निघून गेली होती. दादा पुढच्या महिन्यात तीन पायली ज्वारी आणि आईने शिवलेली वाकळ घेऊन त्या गावी गेले, तर ती लेकीबरोबर ऊसतोडीच्या टोळीत दुसरीकडे गेल्याचे कळले. ती परत गावी आली नाही. वाकळ बरीच वर्षे आमच्या घरात बांधून ठेवलेली होती.

बाबासाहेबांनी खेड्याबद्दल कोणताही भ्रम ठेवला नव्हता. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला. घटना परिषदेत १९४८च्या नोव्हेंबरात त्यांनी खेड्याच्या गौरवाला कठोर शब्दांत विरोध केला. सवर्ण गावाच्या शेजारात दलिताला माणूस म्हणून जगता येणार नाही, असा त्यांच्या या भूमिकेचा अर्थ होता. आमच्या वस्तीने १९७८नंतर गावाचा आसरा सोडला तो याच जाणिवेने. पण त्याच बाबासाहेबांनी घटनेच्या उद्देशिकेत बंधुता ठेवली आणि २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात स्वातंत्र्य आणि समता बंधुतेवाचून टिकत नाहीत हे बजावले. गावकुसाबाहेर पडणे ही अर्धी गोष्ट झाली. आपले नवे कुंपण आपण कोठे घालतो, ही उरलेली अर्धी. विहार आपण आपल्या पैशांनी बांधले म्हणजे ते आपले झाले. ते कोणासाठी उघडते यावरून ते बुद्धाचे आहे की नाही हे ठरते.

दलितांतल्या जातीजातींच्या ऐक्याची चर्चा आपण परिसंवादांतून पुष्कळ केली. मीही केली. तेथे आपण एकमेकांना इतिहासाचे दाखले देतो: कोण कोणत्या मोर्चात होते, कोण नव्हते. हा हिशेब मी नाकारत नाही. पण माझ्यापुरते सांगायचे तर मोर्च्यांच्या इतिहासाआधी मला त्या संध्याकाळचा इतिहास आठवतो, जेव्हा एक केरसुण्या विकणारी बाई एकोणीस दारे फिरली आणि तिला कोणत्याही संघटनेने पाठवलेले नव्हते. आणि मला ती बैठक आठवते, जिच्यात मला बोलता येत होते आणि मी बोललो नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरांत अशा वह्या असतील. लग्नाच्या आहेराबरोबर त्यांत जळीत, पूर, दुष्काळ, आजारपण यांच्याही नोंदी असतील. त्या जपून ठेवाव्यात. आपल्याला कोणी दिले ते त्यांत सापडेल, आणि आपण कोणाला दिले नाही तेही सापडेल. आमच्या वहीत १९७८च्या जळिताच्या समोरचे 'गेले'चे पान जवळजवळ भरलेले आहे. मामाची ज्वारी परत गेली. पिंजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात भांडी गेली. मुंबईकरांचे साठ रुपये त्यांच्या संपाच्या दिवसांत धान्याच्या रूपाने गेले. त्या बिननावाच्या बाईच्या मयतीला दादा गेले होते, तेही त्यांनी लिहिले आहे. मावशीच्या नावासमोरची जागा मात्र कोरी आहे.

ती भरण्याचा अधिकार आता मला राहिलेला नाही. पण कोणत्या दारापाशी जाऊन काय सांगायचे असते, हे मला त्या नोंदीवरून कळले आहे. मी माझ्या मुलांना आहेराची वही दाखवतो तेव्हा ते पान आधी उघडतो.